शेखांचा पेला

आपल्यासाठी जाहा निघते आहे हे मिथकालला कळलं, तेव्हा दारात गाड्या येऊन उभ्याही राहिल्या होत्या. जाहा म्हणजे चार लोकांनी सहज कुणाला भेटून येणं नव्हे. घराण्यातली पांढऱ्या दाढीची वजनदार माणसं ठेवणीतले झगे अंगावर घालून दुसऱ्याच्या दारी जातात, आणि जातात ती काहीतरी मागायलाच. कुणाची मुलगी मागायला, नाहीतर खुनाची माफी मागायला. विमानाच्या चाकातल्या एका पिनेपायी जाहा निघाल्याचं मात्र करकच्या डोंगरात आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

"बाबा, हे कशाला?" मिथकालनं विचारलं.

बाप आरशासमोर उभा राहून लाल-पांढरा रुमाल डोक्याला सारखा करत होता. "कशाला म्हणजे? उद्या चौकशी होऊन तुला हाकलतील, तेव्हा विचार कशाला ते."

"माफीच मागायची ना? मी एकटा जातो सार्जंटकडे."

"एकटा गेलास तर दारातून परत पाठवील तो तुला. पुढे आपल्या घराण्याचे शेख मिफ्लेह असतील, त्यांना परत पाठवणारा अजून जन्माला यायचाय." बापानं काठी उचलली. त्याचा एक गुडघा कामातून गेला होता, तरी आज तो ताठ चालायचं असं ठरवूनच निघाला होता. "तोंड धू. आणि तिथं गेल्यावर ते उघडू नकोस."

मिथकाल हवाईदलात लागला होता तो विमान उडवायला नव्हे. विमानाच्या पोटाखाली वाकून कामं करतात त्या माणसांतला तो, दंडावर अजून एकही फीत नसलेला. पण तो भरती झाला त्या दिवशी बापानं गल्लीत कुनाफा मिठाईची परात फिरवली आणि "पोरगा विमानात लागला" एवढंच सांगितलं. पुढचं ऐकणाऱ्यांनी आपापल्या मनानं जोडून घेतलं. सुट्टीवर आला की कोपऱ्यावरचा खाटीक हमखास विचारी, "काय पायलट, आज पायीच?" मिथकाल आधी खुलासा करायचा, मग त्यानं नाद सोडला.

नोकरी अजून कच्ची होती. पहिल्या वर्षात साहेबांना वाटलं की "जा घरी" म्हणता येतं, कारणही द्यावं लागत नाही. आणि घरी जाणं म्हणजे नुसती नोकरी जाणं नव्हतं. आईबापाला मिळणारं लष्करी इस्पितळ जाणार होतं. त्याच जोरावर बापाच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली होती. बापानं स्वतःच्या गुडघ्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं, आणि मिथकालला तेच जास्त लागत होतं.

झालं होतं ते असं. विमान जमिनीवर उभं असताना त्याची चाकं चुकून पोटात ओढली जाऊ नयेत म्हणून प्रत्येक चाकाच्या पायात एक जाड पिन घालून ठेवतात. पिनेला लाल पट्टी असते, दुरून दिसावी म्हणून. उड्डाणाआधी सगळ्या पिना काढायच्या, मुठीत धरायच्या आणि वैमानिकाला हात उंच करून दाखवायच्या. काम पोरासोरानं करावं इतकं सोपं, आणि म्हणूनच सार्जंट जदआनला त्याची धास्ती वाटे. नव्या पोरांना तो पहिल्याच दिवशी दम देई, "पिन काढलीत की ती जागा बोटानं चाचपा. तोंडानं काढली म्हणणारे मला रोज भेटतात." आणि एवढं बजावूनही पोरांच्या मागून तो स्वतः एक फेरी मारीच.

त्या सकाळी मिथकाल डाव्या चाकापाशी उकिडवा बसला होता. पिनेवर बोटं होती. तेवढ्यात धावपट्टीच्या बाजूनं कॉर्पोरल आयेद चालत आला. त्याचा बाप वारला होता आणि तो रजेवरून आजच परतला होता. आता, ज्याच्या घरी मयत झालीय असा वडीलधारा माणूस समोर आला आणि तुम्ही चाकाशी खुडबुड करत बसून राहिलात, तर तुमच्या आईबापानं तुम्हाला काही शिकवलंच नाही असं जग म्हणतं. मिथकाल उठला. हात पुसले, आयेदच्या खांद्यावर ओठ टेकवले, "अल्ला तुम्हाला धीर देवो" म्हणाला. कसं झालं, त्रास झाला का, हेही विचारलं, कारण तेही विचारावंच लागतं. मग सार्जंट जदआन आला आणि त्यानं आयेदला छातीशी धरलं. दोघे जुने सोबती, दोघांचे डोळे भरले. मिथकाल अदबीनं बाजूला झाला आणि थेट पुढच्या चाकाकडे गेला.

सगळं उरकून तो विमानासमोर आला तेव्हा वैमानिक वरून घाई करत होता.

"सगळ्या?" सार्जंट लांबूनच ओरडला. त्याचा हात अजून आयेदच्या खांद्यावर होता.

मुठीतला पिनांचा जुडगा मिथकालला हलका वाटला होता. हे त्यानं पुढे कुणालाच सांगितलं नाही, पण वाटला होता हे खरं. परत जाऊन बघावं असं मनात आलं, आणि वैमानिकाची ती चल-चल करणारी बोटं बघून ते मनातच राहिलं.

"सगळ्या!" तो ओरडला आणि त्यानं मूठ वर केली. वाऱ्यात फडफडणाऱ्या लाल पट्ट्या कोण मोजतो? वैमानिकानं अंगठा दाखवला. आणि सार्जंटनं त्या दिवशी फेरी मारली नाही.

विमान वर गेलं, दोन चाकं पोटात गेली आणि डावं तसंच लोंबकळत राहिलं. टाकी काठोकाठ भरलेली, तशा जडशीळ विमानाला उतरवता येईना. इंधन जाळत ते तळावर घिरट्या घालत राहिलं. आग विझवणाऱ्या गाड्या धावपट्टीच्या कडेला येऊन थांबल्या आणि मिथकाल शेडमागे जाऊन भडाभडा ओकला. शेवटी विमान टेकलं, टायर फुटला, ते घसरत खडीत जाऊन थांबलं आणि आतून वैमानिक आणि त्याचा जोडीदार आपल्या पायांनी बाहेर आले. सार्जंटनं डाव्या चाकातली पिन काढली, ती मिथकालच्या हातात ठेवली आणि एक शब्दही न बोलता निघून गेला. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता त्याच सार्जंटच्या दिवाणखान्यात सगळे भिंतीच्या कडेनं गाद्यांवर बसले होते. मिथकालनं त्याला गणवेशाशिवाय कधी पाहिलंच नव्हतं. घरातल्या साध्या लांब सदऱ्यात तो लहान दिसत होता, थकलेलाही. मुख्य जागेवर सार्जंटचा बाप, हाजी नोफान. म्हाताऱ्याच्या दारी जाहा येऊन बरीच वर्षं झाली असावीत. चेहरा नुसता उजळून निघाला होता. त्याच्यासमोर शेख मिफ्लेह, शेखांच्या डाव्या हाताला मिथकालचा बाप, आणि त्याच्या मागे अंग चोरून बसलेला मिथकाल.

सार्जंटनं स्वतः कॉफीची दल्ला, ती लांब चोचीची किटली, उचलली, छोट्या बिनकानाच्या पेल्यात घोटभर ओतली आणि शेखांना दिली. शेखांनी पेला घेतला आणि ओठांना न लावता समोर गालिच्यावर ठेवला.

झालं. दिवाणखान्यात कुणाची जपमाळसुद्धा हलेना. शेखांनी पेला खाली ठेवला म्हणजे आता मागणं येणार. यजमानानं "प्या तुमची कॉफी, मागाल ते दिलं" म्हटलं की मागणं मान्य, आणि त्यानंतर जीव गेला तरी शब्द फिरवायचा नाही. तसं म्हणेपर्यंत कॉफी तशीच राहणार. आणि जाहाचा पेला तसाच ठेवून पाहुणे उठून गेले, तर त्या घराचं नाव सगळ्या डोंगरभर खराब व्हायला दुसरा दिवस उजाडावा लागत नाही.

"शेखसाहेब, आधी कॉफी घ्या," सार्जंट म्हणाला. "मग बोलू."

"आधी बोलू," शेख म्हणाले. त्यांनी अल्लाचं नाव घेतलं, हाजी नोफानच्या घराण्याची तारीफ केली, दोन्ही घराण्यांत कधी काळी झालेल्या एका सोयरिकीची आठवण काढली. मिथकाल वाट बघत होता. आता माफीचं येईल. आता ते म्हणतील पोराला पदरात घ्या. मग आपण पुढे होऊन सार्जंटच्या खांद्यावर ओठ टेकवायचे.

"चूक झाली," शेख म्हणाले. "लेकराच्या हातून झाली. उद्या साहेब विचारतील, डावं चाक कुणाकडे होतं. जदआन, तू एवढंच म्हण, की माझ्याकडे होतं. बास. आम्हाला दुसरं काही नको."

मिथकालची कानशिलं तापली. त्यानं बापाकडे पाहिलं. बाप गालिच्याची नक्षी बघत होता. म्हणजे बापाला हे माहीत होतं.

सार्जंट दल्ला हातात धरून तसाच उभा राहिला. "म्हणजे मी खोटं बोलू."

"खोटं कुठलं आलं त्यात? पोर तुझ्या हाताखालचं. त्याचा हात म्हणजे तुझाच हात."

"आणि माझ्या हातून झालं म्हटल्यावर माझं काय होईल, ते विचारलंत कुणाला?"

"विचारलं. तुझी नोकरी भरत आलीय. एखादी फीत उतरवतील. पेन्शनला थोडी कात्री लागेल, ती आम्ही घराणं म्हणून भरून देऊ." शेख समजुतीच्या सुरात आले. "त्याचं तर सगळं आयुष्य पुढं आहे, जदआन."

"फीत!" सार्जंट हसला, आणि ते हसणं ऐकवत नव्हतं. "ती शिवताना माझे केस पांढरे झाले, शेखसाहेब. आणि फितीचंही सोडा. उद्या मी म्हटलं की चाक माझं होतं, तर तळावरची सगळी पोरं काय शिकतील? की चाक—"

"जदआन," हाजी नोफान म्हणाला.

एवढंच. आवाज चढवला नाही, हात उचलला नाही. आणि सगळा तळ ज्याला टरकून असे तो सार्जंट शाळकरी पोरासारखा गप्प झाला. बाप बसलेला असताना उत्तर द्यायचं ते बापानं. जाहा घराच्या दारी येते, सार्जंटच्या नव्हे.

"पाहुण्यांची कॉफी गार होतेय," म्हातारा म्हणाला, "आणि तू त्यांना फिती मोजून दाखवतोस?"

"यात तुम्हाला न कळणाऱ्या गोष्टी आहेत, बाबा."

"मला विमानातलं कळत नाही. माझ्या उंबऱ्यातलं कळतं." म्हाताऱ्यानं घसा साफ केला आणि तो शेखांकडे वळला. "शेख मिफ्लेह, तुम्ही माझ्या उंबऱ्यावर आलात. तुमच्याबरोबर ही एवढी मोठी माणसं आली. तुमच्या दाढीचा मान..."

हे वाक्य कुठं जाऊन थांबतं ते तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मिथकालनं सार्जंटकडे पाहिलं. सार्जंटनं दल्ला खाली ठेवली होती आणि तो भिंतीकडे बघत होता. विमान डोक्यावर घिरट्या घालत होतं तेव्हाही त्याचा चेहरा असाच होता. आता म्हातारा शब्द देणार. उद्या सार्जंट साहेबांसमोर उभा राहणार आणि चाक माझं होतं म्हणणार, कारण बापाचा शब्द त्याला खाली पडू देता येणार नाही. मग फीत उतरणार. आणि मिथकाल दुसऱ्या दिवशी त्याच्याच हाताखाली कामावर जाणार, तो "सगळ्या?" विचारणार आणि आपण "सगळ्या" म्हणणार. मिथकालला हे सोसणारं नव्हतं. त्यापुढे नोकरी गेलेली परवडली असती.

"...तुमच्या दाढीचा मान ठेवून मी सांगतो," हाजी नोफान हात वर करून म्हणत होता, "की प्या—"

मिथकाल गुडघ्यांवर पुढे सरकला. बापाच्या काठीला त्याचा धक्का लागला, काठी आडवी झाली. शेखांच्या समोरचा पेला त्यानं उचलला आणि एका घोटात रिकामा केला. कॉफी गार झाली होती, कडूजहर, वेलदोड्याचा चोथा जिभेवर राहिला.

म्हाताऱ्याचा शब्द अर्ध्यातच राहिला. हात तसाच वर.

"कार्ट्या!" शेख मिफ्लेह अर्धवट उठले. "माझा पेला? माझ्या समोरचा पेला?"

"मला काही मागायचं नाही, हाजीसाहेब." मिथकाल म्हाताऱ्याकडे वळला. "डावं चाक माझं होतं. सार्जंटसाहेबांनी विचारलं, सगळ्या? मी म्हटलं, सगळ्या. जुडगा हलका लागला होता मला हाताला. तरी म्हटलं."

आता सार्जंटनं त्याच्याकडे पाहिलं. पिन हातात ठेवली त्या दिवसानंतर पहिल्यांदाच.

"ऐकलंत?" शेखांनी झगा गोळा केला. ते मिथकालच्या बापाकडे वळले. "अबू मिथकाल, ऊठ. माणसं गोळा करत आमच्या दारोदार फिरलास, पाया पडलास, आणि तुझ्या पोरानं भरल्या दिवाणखान्यात आमच्या तोंडाला काळं फासलं. उद्या बाजारात तोंड कसं दाखवायचं आम्ही? ऊठ म्हणतो ना!"

एकेक म्हातारा उठला. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. दाराशी वहाणा शोधायची घाई उडाली. मिथकाल रिकामा पेला हातात घेऊन तसाच गुडघ्यांवर होता. त्याला सगळं लख्ख दिसत होतं. उद्या नोकरी जाईल. आज घर गेलं. या गाड्यांत आपल्याला कुणी बसवून घेणार नाही, आणि बाप बसेल तो एकदाही मागं न बघता.

पण बाप उठला नव्हता. आधी मिथकालला वाटलं गुडघा आखडला असेल. त्यानं काठी उचलून पुढे केली. बापानं ती घेतली आणि बाजूला ठेवून दिली.

"सार्जंट," बाप म्हणाला, "मलाही ओता."

दारातले शेख वळले. "शुद्धीवर आहेस का?"

"आहे. मागायला आलो होतो, ते चुकलं. मला काही मागायचं नाही." त्यानं शेखांकडे पाहिलं. "तुम्ही व्हा पुढे, शेखसाहेब. आम्ही बसनं येऊ."

शेख काय पुटपुटले ते कळलं नाही. बाहेर गाड्यांची दारं आपटली. दिवाणखान्यात चौघेच राहिले. सार्जंटनं आपल्या बापाकडे पाहिलं. हाजी नोफाननं वर धरलेला हात सावकाश खाली आणला आणि बराच वेळ तो त्या हाताकडेच बघत राहिला. मग म्हणाला, "पाहुणा कॉफी मागतोय, जदआन. तू उभा काय राहिलास?"

सार्जंटनं मिथकालच्या हातातून पेला घेतला, खळबळून पुसला आणि मिथकालच्या बापासाठी ओतली. ओतताना गालिच्यावर सांडली. "उद्या मलाही सांगायचंय," तो कुणाकडेच न बघता म्हणाला. "मी फेरी मारली नाही. तेवढं माझं आहे." आणि मग मिथकालला, तळावरच्या नेहमीच्या करड्या आवाजात, "कामावर यायच्या वेळेलाच ये. लवकर येऊन माझं डोकं खाऊ नकोस."

"ठेवतील का मला, सार्जंटसाहेब?"

"माहीत नाही." सार्जंटनं दल्ला खाली ठेवली नाही. "माझ्या हातात असतं तर आत्ताच सांगितलं असतं."

बापानं कॉफी प्यायली. त्याचे डोळे लाल झाले होते आणि ते त्यानं लपवले नाहीत. पोराकडे तो आता कुठं बघू शकला.

"उद्या मी येतो तुझ्याबरोबर, फाटकापर्यंत," तो म्हणाला. "आणि गणवेशाला रात्री कडक इस्त्री कर. काढून घेतील तर घेतील. पण चुरगळलेला द्यायचा नाही."

मग त्यानं रिकामा पेला पुन्हा सार्जंटपुढे धरला.